पट्टीवरचा पोचा

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९७४ पासून पद्मिनी झाली. आमच्या आबांची त्याआधीची, फियाट ११००. गावातल्या किती बाळंतिणी तिनं तालुक्याला पोचवल्या, मोजदाद नाही.

यंदा तिला नवा रंग दिला. तो पुरता वाळल्यावर चकचकीत पट्ट्या बसवायला घेतल्या. भोकांच्या कडांना गंज धरू नये म्हणून आधी मेण चोपडलं, नव्या क्लिपा घातल्या. दाराची पट्टी मडगार्डाच्या पट्टीशी एका रेषेत आणली, मगच टोकाचे नट आवळले.

डाव्या पट्टीवर बैलाच्या शिंगाचा पोचा होता. मिस्त्री म्हणाला, "ठोकून सरळ करू का?"

म्हटलं, "राहू द्या. सर्ज्याचं शिंग हाय ते. आता ना सर्ज्या राहिला, ना आबा."