रणदिवे, कमल जयसिंग

(८ नोव्हेंबर १९१७ – ११ एप्रिल २००१). भारतीय जीववैज्ञानिक. कर्करोगाचे कोशिकाविज्ञान व प्रायोगिक कर्करोगविज्ञान या विषयांतील संशोधनाकरिता प्रसिद्ध. भारतातील पहिल्या ऊतक संवर्धन प्रयोगशाळेच्या (शरीरातून काढलेल्या कोशिकासमूहांची शरीराबाहेर पोषक माध्यमात वाढ करणाऱ्या प्रयोगशाळेच्या) संस्थापिका.

त्यांचा जन्म पुण्यास झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवविज्ञानाचे प्राध्यापक होते. कमलताईंचे शालेय शिक्षण हुजूरपागा शाळेत व महाविद्यालयीन शिक्षण फर्ग्युसनमध्ये झाले. मुलीने वैद्यकाकडे वळावे अशी वडिलांची इच्छा होती. तथापि त्यांनी जीवविज्ञानच पसंत केले. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्या मुंबईस आल्या. सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या कोशिका-आनुवंशिकीवर अभ्यास करून १९४३ मध्ये त्यांनी एम्. एस्‌सी. पदवी मिळविली.

लोअर परळ, लालबाग व परळ हा तेव्हा कापड गिरण्यांचा आणि कामगारांच्या चाळींचा भाग होता. याच परिसरात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख, विकृतिवैज्ञानिक ⇨वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी संशोधन केले व १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच्. डी. पदवी संपादन केली. त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतक संवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. ‘हेला’ ही मानवी कर्ककोशिकांची अखंड वाढणारी पहिली परंपरा १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत निर्माण झाली होती.

परळ येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतक संवर्धन प्रयोगशाळा उभारली. संवर्धनाची माध्यमे व त्यांना लागणारी रसायने त्यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने येथेच तयार केली. कर्कजनन, कोशिकाविज्ञान व प्रतिरक्षाविज्ञान यांचे स्वतंत्र विभागही त्यांनी सुरू केले. १९६६–७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालिका होत्या.

उंदरांमधील स्तनकर्करोग हा त्यांच्या संशोधनाचा प्रमुख विषय. आनुवंशिकता, हॉर्मोने व व्हायरस यांच्या परस्परसंबंधातून अर्बुद कसे उद्‌भवते, याचा त्यांनी शोध घेतला. उंदरांत हा रोग मातेच्या दुधातील एका घटकाद्वारे पिलांत संक्रमित होतो, हे जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखविले होते. हा घटक म्हणजे व्हायरस असल्याचे पुढे निश्चित झाले. मानवातही असेच घडत असावे या कल्पनेने मुंबईतील पारशी स्त्रियांच्या दुधाची तपासणी झाली, कारण या समाजात स्तनकर्करोगाचे प्रमाण अधिक होते. मात्र मानवी स्तनकर्करोग अशा व्हायरसामुळे होतो, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. प्राण्यावरून मानवाविषयी अनुमान काढण्याच्या मर्यादा या उदाहरणावरून ध्यानात येतात.

सुपारी व तंबाखू यांवरील प्रयोगांचे फलित मात्र निराळे ठरले. पान-तंबाखू खाणाऱ्यांत मुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळतो. पण दोष केवळ तंबाखूचा व सुपारी निरुपद्रवी, असा सर्वसाधारण समज होता. रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सुपारीच्या अर्कामुळेही प्राण्यांत अर्बुदे झाल्याचे दिसून आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी ही स्वतःच मानवात कर्कजनक असल्याचे जाहीर केले. आपल्या समाजाच्या नित्याच्या सवयीतून निघालेला प्रश्न प्रयोगशाळेत नेऊन तपासणे, हे त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य होय.

कुष्ठरोगाच्या संशोधनातही संवर्धन तंत्राचा उपयोग झाला. चिं. वि. बापट व खानोलकर यांच्यासमवेत त्यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतकापासून एक सूक्ष्मजंतू वाढविला (१९५८). तो मूळ कुष्ठजंतू नसून त्याचा आप्त असल्याचे नंतर स्पष्ट झाले. तरीही मृत केलेल्या या जंतूंपासून लस तयार करण्यात आली व तिची क्षेत्रीय चाचणी घेण्यात आली.

भारतीय स्त्री-वैज्ञानिक संघटनेच्या (१९७३) त्या संस्थापक-सदस्या होत्या. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाविषयीही त्यांनी काम केले. भारत सरकारने १९८२ मध्ये पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्यांची संस्था पुढे टाटा स्मारक केंद्राचा भाग बनली व २००२ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे गेली. परळला रुग्णालय कायम राहिले.