रॅस्कल जपानात

स्टर्लिंग नॉर्थ या अमेरिकन लेखकाचं ‘रॅस्कल’ 1963 साली प्रसिद्ध झालं. विस्कॉन्सिनमधलं लहानसं गाव, आई वारलेली, थोरला भाऊ महायुद्धावर गेलेला, आणि 1918 मध्ये रानातून उचलून आणलेलं रॅकूनचं पिल्लू. तसं हे आठवणींचं पुस्तक. मुलांनी ते साहसकथा म्हणूनच वाचलं. पिल्लू मोठं होतं, शेजाऱ्यांच्या मक्यावर डल्ला मारतं, मग गळ्यात पट्टा येतो, पिंजरा येतो, आणि शेवटी मुलगा होडीतून नेऊन त्याला रानात सोडतो. 1977 मध्ये जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने यावर 52 भागांची मालिका काढली. ती वर्षभर दर रविवारी लागे. पोरांनी घरोघर रॅकूनसाठी हट्ट धरला आणि व्यापाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतून पिल्लं आणून तो पुरवला. पुढे या प्राण्यांनी जपानभर मांडलेल्या उच्छादाचं खापर आजही मालिकेने लावलेल्या लळ्यावर फोडलं जातं. माझ्या मते लळा हा त्यातला निरुपद्रवी भाग. नुकसान केलं ते कथेच्या शेवटाने.

वर्षभरात रॅकून वयात येतो. मग तो चावतो, ओरबाडतो, कड्या उघडतो. जपानी कुटुंबांपुढे तेव्हा नेमका नॉर्थच्या नायकासमोरचाच पेच उभा राहिला, आणि अनेकांनी त्याच्यासारखीच वाट काढली: जवळच्या डोंगरात नेऊन सोडून दिलं. निर्दयपणे टाकून दिलं असं त्यांना वाटण्याचं कारणच नव्हतं, कारण पडद्यावर हाच निरोप मायेचा म्हणून दाखवला होता. पण विस्कॉन्सिनचं रान रॅकूनचं माहेर; जपानात तो मुळात नव्हताच. तिथले लांडगे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच संपले होते, तेव्हा त्याला आवर घालणारं कुणी उरलं नव्हतं. मका आणि कलिंगडं तर गेलीच, शिवाय जुन्या लाकडी देवळांच्या माळ्यांवर त्यांनी बिऱ्हाडं थाटली. क्योतोसारख्या शहरात शेकडो वर्षं जपलेल्या खांबांवर नखांचे ओरखडे उठले.

यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. मालिकेच्या पंधरा वर्षं आधी, 1962 मध्येच, आइची प्रांतातल्या इनुयामाच्या प्राणिसंग्रहालयातून काही रॅकून निसटून रानात स्थिरावले होते. मग कथेला दोष का? खरं आहे, सुरुवात कथेने केली नाही. पण असं निसटणं एका ठिकाणी, एकदा घडतं. पाळलेले प्राणी सोडले गेले ते गावोगाव, वर्षानुवर्षं. एका जागची लागण देशभर नेणारं कारण तेच. दुसरा आक्षेप असा की कथेत पिंजरा आहे, शेजाऱ्यांच्या तक्रारी आहेत, म्हणजे इशारा दिलेलाच होता. होता, पण तो शेवटच्या निरोपात विरघळून जातो. आणि दुकानात विकायला होतं ते गुबगुबीत पिल्लू. पिल्लाचं पुढे काय होतं हे सांगण्यात विक्रेत्याला काडीचा रस नव्हता, आणि सरकारनेही बरीच वर्षं विचारलं नाही.

विचारलं ते 2004 मध्ये. परक्या उपद्रवी प्रजातींचा कायदा झाला, 2005 पासून लागू झाला, आणि रॅकूनची आयात, परवान्याशिवाय पाळणं आणि मोकळं सोडणं या तिन्हींवर बंदी आली. नॉर्थच्या नायकाने होडीत बसवून जे केलं, ते जपानात आता गुन्हा आहे.