लखुजीराजे जाधव फितूर होते काय?

वाशीमहून मालेगाव, मेहकर, दुसरबीड असे करीत जालन्याकडे निघाले की वाटेत सिंदखेड राजा लागते. महामार्गालगतचा राजवाडा दिसताच जिजाऊंचे स्मरण होते. त्यांचे वडील लखुजीराजे यांच्याविषयी मात्र आपल्याला बहुधा दोनच गोष्टी ठाऊक असतात. एक, ते शिवरायांचे आजोबा. दुसरी, ते निजामशाहीतून मोगलांकडे गेले, परत आले आणि मारले गेले. दुसऱ्या गोष्टीमागोमाग एक शब्द हमखास येतो : फितूर. आजचा धागा त्या शब्दाविषयी आहे.

प्रथम ते कोण होते ते पाहू. लखुजी सिंदखेड परगण्याचे देशमुख. घराणे आपला वंश देवगिरीच्या यादवांशी जोडत असे. देशमुख हा परगण्याचा वतनदार : वसुलीवर देखरेख, तंट्यांचा निवाडा, गावोगावच्या पाटलांवर वचक, आणि या सेवेबद्दल वसुलीतील ठरलेला हक्क व इनाम जमीन. शहा बदलला तरी वतन सहसा घराण्यातच राही. दरबाराला नवा अंमलदार नेमता येई. पण कोणत्या गावात किती नांगर चालतात, कोणत्या विहिरीवरून भांडण आहे, हे ठाऊक असलेला माणूस नेमता येत नसे. लखुजींचे घोडदळही त्यांच्याच भाऊबंदांचे आणि त्यांच्याच पदरच्या माणसांचे होते. ते दरबाराचे नोकर होते, पण त्यांची ताकद दरबारातून आलेली नव्हती.

हा फरक ध्यानात घेतला की पुढच्या हालचाली उलगडू लागतात.

१६१६ साली मलिक अंबरवर नाराज झालेले अनेक सरदार बाळापूरला मोगल सेनापती शाहनवाजखानाला जाऊन मिळाले. त्यांत लखुजी होते, माहूरकडचे उदाराम होते, हबशी सरदारही होते. पाठोपाठ रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला. लखुजींचा हा पहिला पक्षबदल टिकला नाही. ते निजामशाहीत परतले आणि १६२१ च्या सुमारास पुन्हा मोगलांकडे गेले. यावेळी मोगलांनी मोल चांगलेच लावले. 'पादशाहनामा' सांगतो की लखुजी, त्यांचे पुत्र, नातू व आप्त यांच्याकडे मिळून २४,००० जात आणि १५,००० स्वार इतक्या मनसबी होत्या. जात म्हणजे दर्जा आणि वेतनाचा आकडा, स्वार म्हणजे बाळगावयाच्या घोडेस्वारांचा. कागदावरचे स्वार सगळेच्या सगळे मैदानात उभे राहत, असे समजू नये. तरीही एका घराण्यासाठी हा आकडा प्रचंड आहे.

१६२४ च्या भातवडीच्या लढाईत लखुजी मोगलांच्या बाजूला, तर जावई शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूला होते. खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि जाधव-भोसल्यांत रक्त सांडले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती बखरींतून येते आणि सांगायला रंगतदार आहे. पण एवढे मोठे राजकारण एका हत्तीच्या पायाशी बांधू नये, असे माझे मत आहे. एकाच नात्यातले दोन कर्ते पुरुष दोन दरबारांत असणे, हे त्या काळच्या वतनदारांना आजच्याइतके विचित्र वाटत नसे.

तेव्हा फितूर कोण? जिथे निष्ठा देशाशी नव्हे तर धन्याशी असते, आणि धनी मन मानेल तसा वागू शकतो, तिथे धनी बदलणे हीच चाकराची एकमेव दाद असते. याची किंमत रयत मोजत होती, हेही सांगितले पाहिजे. मोगल आणि निजामशाही फौजा वऱ्हाड-मराठवाड्याच्या सीमेवर आलटून पालटून फिरत असताना कुणब्याला धनी निवडण्याची मुभा नव्हती.

मलिक अंबर १६२६ साली वारला आणि निजामशाहीचा कणाच गेला. लखुजी परतले. मात्र इतक्या फौजेचा, इतक्यांदा पक्ष बदललेला माणूस निजामशहाला नकोसा झाला होता. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेत मुजऱ्यासाठी आलेल्या लखुजींवर दगा झाला. त्यांच्यासह पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव असे चौघे ठार झाले. तीन पिढ्या, एक दिवस. लखुजींच्या पत्नी उरलेल्या मंडळींसह सिंदखेडला निघून आल्या आणि जाधव पुन्हा मोगलांकडे गेले. पुढच्याच वर्षी शहाजीराजांनीही निजामशाही सोडली. जिजाऊंच्या पोटी शिवरायांचा जन्म या दग्यानंतर सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला. दौलताबाद १६३३ साली मोगलांनी जिंकले.

त्याच १६२९ साली इंग्लंडात एक गावाकडचा जमीनदार राजाच्या रोषास पात्र झाला होता. कॉर्नवॉलमधील सेंट जर्मन्सचा सर जॉन एलियट. त्यानेही धनी सोडला होता : बकिंगहॅमच्या ड्यूकच्या आश्रयाने वर आला आणि १६२६ साली पार्लमेंटात त्याच ड्यूकवर महाभियोग चालवण्यात पुढे राहिला. २ मार्च १६२९ रोजी सभा उठू नये म्हणून त्याच्या सोबत्यांनी सभापतीला खुर्चीत दाबून धरले. राजाविरुद्धचे ठराव संमत होऊन गेले. एलियटला लंडनच्या टॉवरमध्ये डांबले, २,००० पौंड दंड ठोठावला. माफी मागितली असती तर सुटला असता. मागितली नाही, आणि २७ नोव्हेंबर १६३२ रोजी तिथेच वारला.

दोघांच्याही मागे जमीन आणि परगण्यातला मान होता. एलियटला भांडायला एक सभागृह होते, जिथे त्याच्यासारखे शेकडो जमीनदार एकत्र बसत. लखुजींना असे काही नव्हते. शहाशी मतभेद झाला तर घोड्यावर खोगीर चढवणे एवढाच मार्ग उरे. गंमत अशी की एलियटच्या पक्षबदलाला इंग्रज इतिहासकार बाणेदारपणा म्हणतात, आणि आपण लखुजींच्या पक्षबदलाला फितुरी.

एलियटच्या मुलाने वडिलांचा देह गावी नेऊ द्यावा अशी विनंती केली. चार्ल्स राजाने ती नाकारली. दफन टॉवरच्या आवारातल्या चर्चमध्येच झाले. लखुजीराजांची समाधी त्यांच्या गावी, सिंदखेडला आहे. पुढच्या खेपेला जालन्याकडे जाताना थोडा वेळ काढून ती जरूर पाहा.