भिंत सामाईक, हवा कुणाची?

पुण्याच्या पेठेत माझ्या मावशीचं घर आहे. जुना वाडा पाडून काकांनी तिथे तीन मजली घर बांधलं, पण एका बाजूची भिंत तशीच ठेवली, कारण ती एकट्या काकांची नव्हतीच. ती शेजारच्या भाऊंचीही होती. सामाईक भिंत. लहानपणी आम्ही सुट्टीत तिथे राहायला जायचो, तेव्हा पलीकडे भाऊंकडे खलबत्त्यात काही कुटलं की अलीकडच्या कोनाड्यातला गणपती हलायचा. दोन्ही घरांच्या मागच्या बाजूला एक बोळकंडी होती, जेमतेम अडीच हात रुंद. मावशीच्या न्हाणीघराची खिडकी त्या बोळकंडीत उघडायची.

लोडशेडिंगच्या दिवसांत सगळ्या पुण्याने घेतला तसा मावशीकडेही गॅसचा गिझर आला. स्वस्त आणि मस्त. वीज असो नसो, नळ सोडला की कढत पाणी. पुढे काही वर्षांनी भाऊंनी जिना काढायला म्हणून बोळकंडीत भिंत चढवली आणि मावशीची खिडकी बंद झाली. म्हणजे खिडकी उघडायची, पण समोर वीतभर अंतरावर विटा!

मग काय व्हायचं ते झालं. आधी बोलणं बंद, मग तिळगूळ बंद, मग नोटिसा. काका म्हणायचे, "आमची हवा अडवली." भाऊ म्हणायचे, "जागा माझी आहे, हवा तुमची असेल तर घेऊन जा."

आणि मग एका जानेवारीतल्या सकाळी वहिनी आंघोळीला गेली ती बाहेरच येईना. पाण्याचा आवाज चालू, हाकेला ओ नाही. मावसभावाने दाराला खांदा लावून कडी तोडली. वहिनी जमिनीवर पडली होती. वेळेवर बाहेर काढली म्हणून वाचली. डॉक्टरांनी आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का?"

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. दोन घरं दोन वर्षं भिंतीवरून भांडत होती आणि त्या भिंतीआड काय साचतंय हे एकालाही दिसलं नाही. म्हणून थोडं वाचत गेलो. मला वाटलं होतं, ही खास पुणेरी भांडणं. छे! या भांडणाचा उत्तम इतिहास सापडतो तो लंडनमध्ये.

बाराव्या शतकाच्या अखेरीस लंडनला पहिला मेयर मिळाला, हेन्री फिट्झ-आयल्विन. त्या काळातले शहराचे बांधकामाचे नियम त्याच्या नावावर सांगितले जातात. घरं लाकडाची, छपरं गवताची, वरचेवर आगी लागायच्या. म्हणून नियम असा केला, की दोन शेजाऱ्यांना दगडी भिंत घालायची असेल तर प्रत्येकाने आपली दीड फूट जागा द्यायची आणि दोघांच्या खर्चाने तीन फूट जाड, सोळा फूट उंच भिंत उभी करायची. एकाची ऐपत नसेल तर त्याने तीनही फूट जागा द्यावी आणि दुसऱ्याने पदरच्या पैशाने बांधावी, तरी भिंत दोघांची! दोन्हीकडून एकेक फूट खोल कोनाडे करायला परवानगी, म्हणजे मध्ये एक फूट दगड शिल्लक राहतो. हे वाचताना मला मावशीकडचा हलणारा गणपती आठवला.

शौचकूपाचाही नियम होता. खड्डा दगडाने बांधलेला असेल तर शेजाऱ्याच्या हद्दीपासून अडीच फूट, नसेल तर साडेतीन फूट लांब.

नियम मोडला तर तक्रार करायची. मेयर आणि शहराचे मानकरी स्वतः जागेवर येऊन पाहायचे आणि तिथेच निवाडा करायचे. १३०१ ते १४३१ या काळातल्या अशा तक्रारींच्या नोंदी आजही जपून ठेवलेल्या आहेत. गटारं, पन्हाळी, खिडकीतून डोकावणारे शेजारी, सगळं आहे त्यात. १३१४ सालच्या एका नोंदीत एका बाईने आपल्या माडीवरच्या शौचकूपाची नळी गुपचूप पावसाच्या पाण्याच्या गटाराला जोडली आणि ती तुंबून आळी घाणीने हैराण झाली, असं प्रकरण आहे. सातशे वर्षं झाली, आपल्या सोसायट्यांच्या सभेत फार वेगळं काही चालतं का?

पण मला सगळ्यात भावलं ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं एक प्रकरण. एका नवरा-बायकोच्या शेजारी चिलखतं घडवणाऱ्यांनी भट्टी घातली. तक्रार अशी, की घणांच्या दणक्यांनी सामाईक भिंती हादरतात, तळघरातली दारू नासते, आणि भट्टीचं धुराडं हवं त्यापेक्षा बारा फूट बुटकं असल्याने दगडी कोळशाचा धूर दिवाणखान्यात आणि खोल्यांत शिरतो. चिलखतवाल्यांचं उत्तर असं, की सचोटीने धंदा करणाऱ्या कारागिराला शहरात कुठेही आपला व्यवसाय करायची आणि त्यासाठी जागा सोयीची करून घ्यायची मुभा आहे.

काका आणि भाऊच की हे! एक म्हणतो माझी हवा, दुसरा म्हणतो माझी जागा. आपापल्या परीने दोघेही खरे. गंमत म्हणजे त्या तक्रारीत नुसतं "धूर येतो" एवढंच नाही, धुराडं किती फूट कमी आहे तेही दिलंय. भांडण फुटात मोजलं की ते सुटण्याच्या वाटेला लागतं, असं माझं मत होत चाललं आहे.

१६६६ साली लंडन जळलं. तेरा हजारांच्या वर घरं गेली. पुढच्या वर्षी पुनर्बांधणीचा कायदा झाला. बाहेरच्या आणि सामाईक भिंती वीट किंवा दगडाच्याच हव्यात आणि अमुक जाडीच्याच हव्यात. जो आधी बांधेल त्याने पूर्ण भिंत बांधावी, शेजारी नंतर बांधायला आला की त्याने निम्मा खर्च द्यावा. जळलेल्या घरांचे तंटे लवकर मिटावेत म्हणून खास न्यायालय नेमलं. ही परंपरा १७७४ च्या बांधकाम कायद्यातून पुढे येत येत १९९६ च्या सामाईक भिंतीच्या कायद्यापर्यंत पोचते. या कायद्याची रीत साधी आहे. भिंतीला हात लावण्याआधी शेजाऱ्याला लेखी कळवायचं. पटलं नाही तर दोघांनी मिळून एक तज्ज्ञ नेमायचा, किंवा दोघांनी आपापला एकेक नेमायचा आणि त्या दोघांनी आधीच तिसरा ठरवून ठेवायचा. म्हणजे पंचच ते.

आता गिझरकडे येतो, कारण तोही लंडनचाच.

१८६८ साली बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या, रंगकामाचा व्यवसाय करणाऱ्या एका लंडनकराने गॅसवर ताबडतोब पाणी तापवणारं यंत्र काढलं. आइसलंडमध्ये गेसिर नावाचा उकळत्या पाण्याचा फवारा आहे, त्यावरून त्याने नाव दिलं गीझर. आपण वीजवाल्या बंबालाही आज गिझर म्हणतो, तो शब्द असा आला. पण त्या यंत्रात एक मोठी खोट होती. जळलेला वायू बाहेर न्यायला नळीच नव्हती! सगळं खोलीतच. पाचशे वर्षांपूर्वी चिलखतवाल्यांचं धुराडं बारा फूट बुटकं होतं म्हणून तक्रार झाली, इथे तर धुराडंच गायब. धूर दिसत नव्हता म्हणून असेल.

आणि मावशीच्या न्हाणीघरातला गिझर? त्यालाही नळी नव्हती. मॉनसाहेबांनंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी.

थोडा हिशोब मांडतो. न्हाणीघर चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. म्हणजे साधारण साडेपाच घनमीटर हवा. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पंधरा मिनिटांत पाव किलोच्या आसपास गॅस जाळतो. म्हणजे एका माणसाच्या सावकाश आंघोळीत खोलीतली निम्म्याहून जास्त हवा एकदा जाळातून जाऊन येते. तीच वापरलेली हवा पुन्हा जाळाकडे जाते, प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम घातलेला असतो. जळून गेलेल्या गॅसला तो वास उरत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि कळेपर्यंत पायातलं बळ जातं. कडी दोन हातांवर असते, पण तिथवर जाता येत नाही. वहिनी नंतर सांगत होती, "मला वाटलं उपासामुळे चक्कर येतेय."

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? हवा-उजेडाच्या हक्काचा कायदा १८८२ चा, मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला. खिडकीतून वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा हवा-उजेड येत असेल तर तो हक्क होतो आणि शेजाऱ्याला तो बुजवता येत नाही. हवा अडवल्याने शरीरसुखाला बऱ्यापैकी बाधा आली तरी पुरे, तब्येत बिघडायलाच हवी असं नाही, इतपत उदार कायदा आहे हा. काकांची खिडकी मात्र वीस वर्षांची भरत नव्हती. घर नवं, खिडकी नवी. वाड्याची जुनी खिडकी धरायची की नाही यावर दोन वकिलांची दोन मतं होती.

त्या कायद्यानंतर मुंबईने हवेचा धडा फार मोठ्या किमतीला घेतला. १८९६ साली मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या खोल्यांकडे तेव्हा कुठे सरकारचं लक्ष गेलं. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावून धरला. त्याचा सोपा अर्थ, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. इथे पुन्हा माप आलं बघा. हवा कुणाची हा प्रश्न बाजूला राहिला आणि हवा किती हवी हा प्रश्न पुढे आला.

मला वाटतं, इतका सगळा इतिहास वाचून हाती आलं ते एवढंच. मालकीचा प्रश्न कोर्टात सुटतो आणि त्याला वर्षं लागतात. मापाचा प्रश्न जागेवर सुटतो, पण त्यासाठी कुणीतरी जागेवर येऊन पाहावं लागतं. आमच्याकडे दोन वर्षांत दोन वकील, एक इंजिनिअर, झाडून सगळे नातेवाईक भिंत बघून गेले. न्हाणीघरात डोकावून "इथे जाळ पेटतो, त्याची नळी कुठाय?" असं एकानेही विचारलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मी तर तिथे आंघोळी केल्या आहेत. भिंत नसती तर खिडकीने वाचवलं असतं, हे खरं. पण थंडीच्या दिवसांत ती खिडकी आम्हीच लावून घ्यायचो, हेही तितकंच खरं. ते काकांनी नोटिशीत लिहिलं नव्हतं.

वहिनी घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गवंडी आले. वाड्याच्या काळापासून घरचे. त्यांनी दहा मिनिटं इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "गिझर मागल्या उघड्या गॅलरीत घ्या. पाणी नळीनं आत आणा. जाळ आत नको." सोपं होतं. अडचण एकच. ती नळी न्यायची तर सामाईक भिंतीत, भाऊंच्या हद्दीकडच्या अंगाला, चार पकडी ठोकाव्या लागणार होत्या.

काका काही विचारायला जाईनात. शेवटी मावशी गेली. दोन वर्षांनी त्या घराची पायरी चढली. भाऊंनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. म्हणाले, "वहिनी, विचारता काय? ठोका. पोर कशी आहे आता?" संध्याकाळी भाऊंच्या घरून डबा आला.

भिंत अजून तिथेच आहे. गिझर गॅलरीत आहे. तिळगूळ सुरू झाला आहे. दावा मात्र काकांनी मागे घेतलेला नाही. "तत्त्वाचा प्रश्न आहे," म्हणतात. असो.

तुमच्याकडे गॅसचा गिझर असेल तर आज एवढंच करा, न्हाणीघरात जाऊन वर बघा. नळी आहे का, आणि ती कुठे जाते? भिंत कुणाची ते नंतर बघता येईल.