‘दुचाकी’ या शब्दातून सायकल कशी निसटली

‘दुचाकीस्वार’ हा शब्द आज वर्तमानपत्रात वाचला की डोळ्यांपुढे सायकल येत नाही. वास्तविक या शब्दात इंजिनाचा मागमूसही नाही आणि चाके सायकलीलाही दोनच. एका वाहनाने दुसऱ्याचे नाव असे बळकावले, त्यामागे शहरांचा इतिहास आहे. तो पाहायचा तर घाट चढून पुण्याला जावे लागते.

पुणे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जाई. हे पुणेकरांच्या काटकसरीमुळे घडले, असे गमतीने म्हणतात. पण काटकसरी माणसे सगळीकडेच असतात. पेठा एकमेकींना खेटून वसलेल्या, महाविद्यालये नदीपलीकडे पण हाकेच्या अंतरावर, खडकीचा दारूगोळा कारखानाही सायकलच्या टप्प्यातला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्राध्यापक, कारकून, कामगार आणि परकर-पोलक्यातून साडीत आलेली विद्यार्थिनी, सारेच सायकलवर. त्यामुळे ती गरिबीची खूण ठरली नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर पंक्चरवाला होता, तासाच्या भाड्याने सायकल देणारे दुकान होते. पालिकेचा बिल्ला नसला किंवा रात्री दिवा नसला तर पोलीस हटकत. ज्या वाहनाची यंत्रणा एवढी दखल घेते, ते रोजचेच झालेले असते.

मात्र या सवयीला रस्त्यावर हक्काची जागा कुणी राखून ठेवली नव्हती. रस्ता मोकळा होता, एवढाच तिचा आधार. १९७२ साली बजाजची चेतक आली, त्याच वर्षी लूनाही आली. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, म्हणून सायकलीचा अस्त लांबला इतकेच. पुढे शहर पसरले, अंतरे वाढली, रस्ता वेगवान झाला आणि आई-वडिलांनी मुलांच्या हातून सायकल काढून घेतली.

नेमक्या त्याच काळात नेदरलँड्समध्ये उलटे घडले. तिथेही युद्धोत्तर काळात मोटारींनी सायकलीला मागे रेटले होते. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. १९७३च्या तेलटंचाईत मोटारविरहित रविवार पाळले गेले, आणि पुढे स्वतंत्र सायकलमार्गांवर सरकारी पैसा खर्च होऊ लागला. ‘तो देश सपाट आहे’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. १९७२नंतर पुण्याच्या पेठांत काही टेकड्या उगवल्या नव्हत्या.

पुण्याने २००६ साली बीआरटीबरोबर सायकलमार्ग आखले, २०१७ साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. पण तोवर त्या मार्गांवर हक्क सांगणारे सायकलस्वारच विरळ झाले होते.

घाटाखालच्या आमच्या भिसेगावाची गोष्ट निराळी. इथे प्रश्न शहर ओलांडण्याचा नाही, कर्जत स्थानकाशी येऊन थांबणाऱ्या लहान अंतरांचा आहे. दहिवलीचा, मुद्र्याचा माणूस सकाळी लोकल पकडतो आणि रात्री परततो. उट्रेख्त स्थानकाजवळ २०१९ साली पूर्ण झालेल्या सायकलतळात १२,५०० सायकली मावतात. कर्जतला शे-दोनशेंची सोय झाली तरी पुष्कळ. फक्त तिच्यावर छप्पर हवे, कारण इथला पाऊस चार महिने उभी सायकल गंजवतो, आणि कुलूप लावायला घट्ट रोवलेला लोखंडी दांडा हवा.