पियाजे, झाँ

(९ ऑगस्ट १८९६–१६ सप्टेंबर १९८०). स्विस मानसशास्त्रज्ञ. जन्म नशातेल येथे. १९१८ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली ती गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवर! पुढे पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेताना त्याचे लक्ष वेधले ते चुकीच्या उत्तरांनी : एका वयाची मुले साधारण सारख्याच चुका करीत. यातून आणि स्वतःच्या तीन मुलांच्या बारीक निरीक्षणातून त्याने बोधनिक विकासाच्या चार अवस्था मांडल्या.

या अवस्थांमधला फरक दाखवणारी त्याची गाजलेली कसोटी घरीही करता येते. दोन सारख्या पेल्यांत सारखेच पाणी घ्यायचे, ‘कशात जास्त?’ असे मुलाला विचारायचे, मग एकातले पाणी मुलादेखत उंच, अरुंद पेल्यात ओतायचे आणि तेच पुन्हा विचारायचे. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा ‘ह्यात जास्त’ म्हणते. आठ वर्षांचे म्हणते, ‘तेच तर पाणी आहे!’

या कसोटीवर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला आपले पहिले उत्तर चुकले असे वाटते. मॅकगॅरिगल व डोनल्डसन यांनी पाण्याऐवजी सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा घेतल्या आणि त्यांतली एक ‘खोडकर’ टेडी अस्वलाच्या खेळण्याकरवी ‘चुकून’ विस्कटवली, तेव्हा बरीच जास्त मुले बरोबर उत्तरे देऊ लागली.