सहा आकडे आणि एक ट्रेस

धुळ्यात किंवा जळगावात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कोणालाही ‘८०८५’ म्हणून बघा. डोळ्यांपुढे लॅबमधलं किट आणि त्यावरचे सहा लाल आकडे आलेच समजा! चार पत्त्याचे, दोन डेटाचे. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, त्याआधी ही कॉलेजं पुणे विद्यापीठात होती. विद्यापीठ बदललं, पण ते सहा आकडे काही हलले नाहीत. (मधेच लाईट गेली की टाईप केलेला सगळा प्रोग्रॅम गायब, हे वेगळं सांगायला नकोच.)

प्रोग्रॅम चुकला तर सिंगल स्टेप. एक की दाबा, एक सूचना चालवा. पण ज्या गडबडी फक्त पूर्ण वेगात होतात त्या यात दिसतच नाहीत. इंटरप्टमधला घोटाळा तर हमखास लपून बसतो.

हे दुखणं जगभर होतं. इंटेलने १९७५ मध्ये ८०८० साठी आयसीई-८० काढलं. बोर्डावरचा प्रोसेसर काढायचा आणि सॉकेटमध्ये केबलचा प्लग बसवायचा. पलीकडे एम्युलेटर, तोच प्रोसेसर म्हणून काम करणार आणि बसवरची हालचाल टिपूनही ठेवणार. १९७९ मध्ये एचपीची ६४००० सिस्टीम आली, आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ६४७०० मालिका.

या ६४७०० ची ट्रेस मेमरी होती १०२४ अवस्थांची. सोबत वेळही मोजायला लावली तर ५१२ च. एवढ्याशा खिडकीतून चोर पकडायचा! म्हणून आधी ठरवायचं काय साठवायचं. जे साठवलं नाही ते गेलं. दाखवायचं कसं, हे मात्र नंतरही बदलता यायचं, प्रोग्रॅम पुन्हा न चालवता. मला यातली ही गंमत सगळ्यात आवडते.

समजा २००० वर ३ई आणि २००१ वर ०५ आहे. कच्च्या ट्रेसमध्ये दोन ओळी, नुसते आकडे. निमॉनिक डिस्प्ले लावला की तेच ‘एमव्हीआय ए, ०५’. वेळेचा कॉलम ‘अ‍ॅब्सोल्यूट’ ठेवला तर ट्रिगरपासूनचा वेळ, ‘रिलेटिव्ह’ केला तर आधीच्या ओळीपासूनचा. ३ मेगाहर्ट्झच्या ८०८५ वर ही सूचना ७ टी-स्टेट, म्हणजे साधारण २.३ मायक्रोसेकंद घेते. त्याच्या जागी एकदम ४० दिसले, तर मधे कोणीतरी घुसलंय! अ‍ॅब्सोल्यूटमध्ये हीच उडी लांबलचक आकड्यांत सहज नजरेतून सुटते.

१९७८ च्या ८०८६ ने नवीनच भानगड केली. त्यात सहा बाइटची प्रीफेच रांग. जंप आला की रांगेतलं सगळं फेकून द्यायचं. पण बसवर ते आलेलं असतं, म्हणून ट्रेसमध्येही दिसतं. कधीच न चाललेल्या सूचना समोर छापून येतात आणि माणूस त्यावर तासन् तास डोकं फोडतो. म्हणून काही एम्युलेटरांत ‘डीक्यू’चा पर्याय दिला: न चाललेलं गाळून दाखव.

पुढे कॅश चिपच्या आत गेली, वेग वाढले, बसवर बघण्यासारखं फारसं उरलं नाही. मग ट्रेसचं सर्किटच चिपमध्ये गेलं: एआरएमचं ईटीएम, इंटेलचं प्रोसेसर ट्रेस. लिनक्सवर ‘पर्फ स्क्रिप्ट’ चालवताना वेळ, पत्ता, सिम्बॉल यातलं काय दाखवायचं ते आपण निवडतो ना? तेच हे कॉलम.